कुठून तरी आवाज येतोय

पहिल्या भेटीत त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्या खुर्चीखाली बघत होता.

झालं असं, की ती जिन्यात उभी राहून फोनवर आत्याची समजूत काढत होती. डबा ती विसरली नव्हती, मुद्दाम घरी ठेवून आली होती. खाल्लं की दुपारभर पोट फुगतं, आणि नाही खाल्लं की आत्या फुगते, एवढाच मुद्दा होता. मागून एक ठेंगण्या, घाईतल्या बाई उतरत होत्या, त्या ऐकत थांबल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. तिथे जाडजाड कादंबऱ्या मोठ्याने वाचून त्यांची बोलकी पुस्तकं तयार होत. ठरलेल्या वाचिकेचा घसा नेमका त्याच सकाळी बसला होता.

"तुमचा आवाज सध्या कोण वापरतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"आत्या," ती म्हणाली.

वरच्या मजल्यावरच्या कचेरीत ती टायपिंगचं काम करायची आणि त्या कामाला मनापासून कंटाळली होती. त्यामुळे फार आढेवेढे न घेता ती काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसली. चारही भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, समोर मायक्रोफोन, कानावर हेडफोन. बाहेर पाऊस पडत होता, पण दार लागलं आणि पाऊस जणू कुणी बंद केला. तिने वाचायला सुरुवात केली. दोन-तीन वाक्यं झाली असतील नसतील, तर कानात एक शांत पुरुषी आवाज आला.

"थांबूया. कुठून तरी आवाज येतोय."

तो आत आला. किडकिडीत, उंच, मान एका बाजूला कललेली. स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणत. तो गुडघ्यांवर बसला आणि डोळे मिटून खुर्चीच्या पायांचं ऐकू लागला. मग त्याने खुर्ची बदलली, तरी आवाज आलाच. मग हवेची नळी बंद केली, पायाखालचा गालिचा सरळ केला, शेवटी पाना आणून दुसऱ्याही खुर्चीचे स्क्रू आवळले. ती गप्प बसून बघत राहिली. आवाज कुठून येतोय हे या जगात फक्त तिला ठाऊक होतं, आणि एका अनोळखी तरुणाला पहिल्याच भेटीत 'ते माझं पोट आहे' असं सांगण्याइतकी काही ती धीट नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने पाना आणला नाही. आवाज आला तेव्हा तो जरासा थांबला आणि म्हणाला, "खालून ट्रक गेला वाटतं. मागचं वाक्य पुन्हा घेऊया?"

ती बरं म्हणाली. इमारतीपुढची गल्ली पायऱ्यांची होती. तिथून सायकलसुद्धा खांद्यावर घेऊन जावी लागे.

त्या दिवसापासून त्या गल्लीत ट्रकांची वर्दळ सुरू झाली ती थांबलीच नाही. आणि ज्या माणसाने तिची अब्रू वाचवायला एवढी वाहतूक उभी केली, त्याच्यावर ती हळूहळू भाळू लागली. यात तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

त्यांचं बोलणं व्हायचं ते काचेतून, बटण दाबून.

"हे पान फार छान वाचलंत. पुन्हा वाचाल?"

"छान वाचलं, तर मग पुन्हा कशाला?"

"मी… रेकॉर्डिंग सुरूच केलं नव्हतं."

"का बरं?"

काचेपलीकडे मान आणखी कलली. "ऐकत बसलो."

आणखी एक गोष्ट होती. बराच वेळ वाचलं की तोंड कोरडं पडतं आणि शब्दांमधून चटचट आवाज येऊ लागतो. माणसाला तो ऐकू येत नाही, मायक्रोफोनला येतो. त्यावर या धंद्यात एक जुना उपाय आहे. आंबट हिरव्या सफरचंदाची फोड चावायची, म्हणजे तोंडाला पाणी सुटतं आणि चटचट थांबते. कानसेन रोज येताना बाजारातून सफरचंदं आणायचा. आंबट आहे की नाही ते वास घेऊन ठरवायचा, आणि खिशातल्या छोट्या सुरीने अशा पातळ फोडी करायचा, की चावतानाही आवाज येऊ नये. स्टीलच्या डब्याच्या झाकणात त्या मांडून तो झाकण तिच्या हाताशी ठेवायचा. झाकण रिकामं झालं की पुन्हा भरायचा. ती एकही फोड मागे ठेवत नसे. इतक्या निगुतीने आजवर तिच्यासाठी कुणी काही चिरलं नव्हतं, आणि आत्या चिरायची ते कलिंगड असलं तरी रागाने चिरायची.

इथवर सगळं गोड होतं. पण पोट काही ऐकेना.

महिना-दोन महिन्यांत ते बिघडतच गेलं. आधी फक्त फुगायचं आणि गुरगुरायचं, आता मुरडे येऊ लागले. कधी वाचता वाचता ती हेडफोन काढून धावत बाहेर जायची आणि बऱ्याच वेळाने पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत यायची. ट्रक वाढले, वाक्यं पुन्हा पुन्हा घ्यावी लागू लागली. टायपिंगची नोकरी तिने एव्हाना सोडली होती. हातात तीन भागांची एक कादंबरी होती, स्टुडिओने आजवर घेतलेलं सगळ्यांत मोठं काम. पहिला भाग रखडत संपला तेव्हा मालकीणबाईंनी तिला बसवून घेतलं.

"तुझा आवाज मला हवाय. पण हे असं थांबत थांबत चाललं, तर तिसऱ्या भागाला मला दुसरं कुणी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

तिला वाईट वाटलं. तिला आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम जमलं होतं, आणि ते तिच्या पोटामुळे जाणार होतं. घरी जाऊन ती आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेली.

तपासण्या झाल्या. सगळ्या स्वच्छ निघाल्या. डॉक्टरांनी तिला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या बाई हसत नसत. त्यांच्या टेबलावर एक रोप होतं, तेही हसरं नव्हतं.

"आतडी नाजूक आहेत, एखादा पदार्थ सोसत नाही. तो कोणता हे मला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही. तेव्हा एकेक काढून बघायचं. आठवडाभर एक काढा, फरक पडतो का बघा. कामावर काय खाता?"

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि ते तिला अगदी खरं वाटत होतं. सफरचंद हे कामाचं हत्यार होतं, मायक्रोफोनसारखं. मायक्रोफोन खाल्ला असं कोण सांगतं? आणि सफरचंद तर आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात.

तिने दूध काढलं, काही नाही. पाव काढला, फक्त वजन गेलं. कांदा-लसूण काढलं, तेव्हा किंचित बरं वाटलं आणि आत्याच्या स्वयंपाकाची पार रया गेली. चहा काढला त्या आठवड्यात तर दोघी एकमेकींशी धड बोलल्याही नाहीत.

"आता मलाच काढ घरातून," आत्या म्हणाली. "म्हणजे सगळं काढून होईल."

आणि त्याच सुमाराला कानसेन सुट्टीवर गेला. त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्याच्या जागी एक म्हातारे काका येऊन बसले. काकांना निम्मं ऐकू येत असे. तिच्या तोंडातली चटचट त्यांच्या कानापर्यंत पोहोचतच नसल्यामुळे ते सफरचंदाच्या भानगडीत पडत नसत, थर्मासमधलं कोमट पाणी द्यायचे आणि बटण दाबून डुलक्या काढायचे.

तिचं पोट शांत झालं. इतकं शांत, की आधी तिला भीतीच वाटली. सकाळी शांत, दुपारी शांत, पानामागून पान एका दमात.

कानसेन परत आला. येताना नेहमीपेक्षा हिरवी सफरचंदं घेऊन आला. "तुमच्याविना बाजारात करमेना," असं काहीतरी तो म्हणाला आणि स्वतःच इतका गोरामोरा झाला, की त्याने सुरी जमिनीवर पाडली. ती हसली. तिने झाकण भरून फोडी खाल्ल्या. आणि दुपारी पोटात असा काही मुरडा आला, की तिला भिंत धरून उभं राहावं लागलं.

तिने संध्याकाळी घरी बसून थंड डोक्याने विचार केला. काय काढलं की बरं वाटतं? काय परत आलं की त्रास होतो? उत्तर एकच निघत होतं, आणि ते उंच होतं, किडकिडीत होतं, मान कलती ठेवायचं. त्याला पाहिलं की आपल्या पोटात काहीतरी होतं हे तर तिला आधीपासून माहीत होतं. ते प्रेम असावं असा तिचा समज होता.

"मनाचं आणि पोटाचं साटंलोटं असतं," आत्याने दुजोरा दिला. "तुझ्या आजोबांचं नाव काढलं की मला अजून ढेकर येतो."

दुसऱ्या दिवशी ती मालकीणबाईंना म्हणाली, की पुढचं रेकॉर्डिंग काकांबरोबरच व्हावं. का, ते सांगितलं नाही. काय सांगणार होती? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, पण फाशी देणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

कानसेनला लहान खोलीत बसवलं, डास मारायच्या औषधाच्या जाहिराती करायला. त्याने काही विचारलं नाही. फक्त एकदा जिन्यात समोरासमोर आले, तेव्हा तो बाजूला झाला आणि अगदी हळू म्हणाला, "मी ऐकायला नको होतं ते ऐकलं, म्हणून… ना? मी कुणाला बोललो नाही हो कधी. ट्रक म्हणूनच सांगितलं."

तिला नाही म्हणायचं होतं. पण ती काही बोलायच्या आत तो दोन-दोन पायऱ्या उतरून गेलासुद्धा.

पोट मात्र ठणठणीत झालं. दुसरा भाग संपला, तिसरा तिलाच मिळाला, मालकीणबाई खूश. ती जवळजवळ सगळं काही खाऊ शकत होती आणि तिला काहीही खावंसं वाटत नव्हतं. रिकाम्या झाकणाकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. प्रकृती सुधारल्यावर माणूस इतका दुःखी असू नये असं तिला वाटे.

आहारतज्ज्ञ बाईंकडे ती शेवटचं म्हणून गेली. गुण आला, आता यायला नको, असं सांगायला.

"अजून संपलेलं नाही," बाई म्हणाल्या. "काढलेलं एकेक परत घालून बघायचं असतं. त्याशिवाय नक्की काही म्हणता येत नाही. दूध?"

"घेतलं. काही झालं नाही."

"पाव, चहा?"

"काही नाही. कच्च्या कांद्याने थोडं होतं."

"मग मुख्य गोष्ट कोणती निघाली?"

तिने रोपाकडे नजर वळवली. मग तिने सांगून टाकलं. पोटातलं ओठांवर आलं ते सगळंच आलं… काच, ट्रक, कलती मान, सुट्टी, जिना.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "काळजीने, धास्तीने पोट बिघडतं, ते मी नाकारत नाही. पण मला एक सांगा. त्या माणसाला तुम्ही खात होता का?"

"नाही हो!"

"मग त्याच्यासोबत काय खात होता?"

"काहीच नाही. तिथे खायला परवानगीच नसते. फक्त ते… तोंड कोरडं पडू नये म्हणून…" ती थांबली. "सफरचंद."

"किती?"

"तो चिरेल तितकं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सफरचंदातली साखर काही जणांना नीट पचत नाही. ती आतड्यात आंबते आणि वायू धरतो. एखादी फोड चालून जाते. तुम्ही दिवसभर तेच खात होता." आणि मग, त्याच सुरात, "आता दोन्ही वेगवेगळं करून बघा. आधी सफरचंद, त्या माणसाशिवाय. मग तो माणूस, सफरचंदाशिवाय. एकदम दोन्ही घेऊ नका."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या रविवारी ती स्वयंपाकघरात आत्यासमोर बसून आंबट सफरचंदं खाऊ लागली. फोडी आत्याने केल्या होत्या, जाड आणि वाकड्या. दुपार व्हायच्या आत पोटाने असा काही सूर लावला, की आत्या खुर्चीखाली वाकून बघू लागली.

"हेच गं हेच!" ती पोट दाबून धरत आनंदाने ओरडली. मुरडा आल्यावर इतकी हसणारी मुलगी आत्याने पाहिली नव्हती.

"म्हणजे तो सुटला?"

"सुटला!"

"मग त्याला कधी परत घालणार?"

हे बोलायला सोपं होतं. सोमवारी सकाळभर ती शब्दांची जुळवाजुळव करत राहिली, आणि जुळलेले सगळे मूर्खासारखे वाटत होते. तुला मी पदार्थ समजले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दुपारच्या सुट्टीत मालकीणबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"तिसरा भाग झाला तेवढा ऐकला. सुरेख झालाय. एक चटचट नाही कुठे."

"नाही?" ती चमकली. सफरचंदाशिवाय वाचलेलं, आणि काकांच्या हाताखाली. चटचट असायलाच हवी होती.

"मलाही नवल वाटलं. काका कुठले काढणार! मग बघितलं तर कानसेन. रोज सुट्टीत जेवायचं सोडून बसतो आणि तुझ्या वाक्यांमधून एकेक चटचट वेचून काढतो. एक प्रकरण तर काकांच्या घोरण्यासकट होतं, बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं त्यांचं. मी विचारलं, हे काय चाललंय रे? तर म्हणतो, ट्रकचा आवाज आहे, काढतोय."

ती उठली. पुढचं काही तिने ऐकलं नाही.

तो काचेअलीकडे, काकांच्या जागेवरच होता, हेडफोन लावून, डोळे मिटून. तिने त्याच्या खांद्याला हात लावला तसा तो दचकला आणि उभाच राहिला.

"मी लगेच आवरतो. काका येतील आता—"

"सफरचंद होतं," ती म्हणाली.

"काय?"

"माझं पोट. सफरचंदाने बिघडत होतं. मला वाटलं तुमच्यामुळे. म्हणजे तुम्ही सुट्टीवर गेलात तेव्हा बरं वाटलं, आलात तेव्हा… म्हणून मी तुम्हाला काढलं. मला वाटलं, मला तुम्हीच सोसत नाही."

तो हळूच खुर्चीत बसला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे इतके दिवस… मी वास घेऊन घेऊन, निवडून निवडून… तुम्हाला आजारी पाडत होतो?"

"इतक्या पातळ फोडी कोण करतं पण! मागे ठेवणार तरी कशा?"

"दोन खाऊन थांबायचं होतंत."

"तुम्ही चिरत होता ना."

ती ओठ चावत उभी होती. जे विचारायला आली होती ते अजून राहिलंच होतं, आणि सुट्टी संपत आली होती.

"आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या," ती खिडकीच्या दिशेने बघत म्हणाली, "की काढलेलं परत घालून बघायचं असतं. सफरचंदाशिवाय. तुमची… हरकत नसेल तर."

तो उठला, तिच्या हातात आपले हेडफोन दिले आणि म्हणाला, "तुम्ही इथे बसा. मला असं समोरासमोर नाही बोलता येत. आयुष्यभर ऐकायचंच काम केलंय."

तो काचेपलीकडे गेला. दार लावलं. तिच्या खुर्चीत, स्वतः स्क्रू आवळलेल्या, अवघडून बसला. मायक्रोफोन त्याच्या तोंडापेक्षा खाली होता, म्हणून वाकला. तिने हेडफोन चढवले आणि त्याचा श्वास एकदम कानाशी आला, इतका जवळ, की ती शहारली.

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "मी खुर्ची बदलली. पण खरं सांगू का… आवाज कुठून येतोय ते मला तेव्हाच कळलं होतं. माझे कान तेवढे वाईट नाहीत. तुम्ही इतक्या घाबरल्या होतात, की मी आपला स्क्रू आवळत राहिलो. आणि मग रोज वाटायचं, सांगावं… की तुमचा आवाज मला… नुसता वाचतानाचा नाही. हसतानाचा, जिन्यातला, आत्यावर चिडतानाचा. आणि तो दुसराही. जो काय आहे तो सगळाच. मला तुम्ही… मला तू…"

आणि नेमक्या त्या क्षणी, लांबलचक, खोल, पायरीपायरीने उतरत गेलेला एक गडगडाट हेडफोनमध्ये घुमला.

तिने दचकून स्वतःच्या पोटावर हात ठेवला. ते गप्प होतं. तिने काचेतून पाहिलं. कानसेनचे कान लाल झाले होते. महिनाभर दुपारचं जेवण सोडून दुसऱ्याच्या वाक्यांमधली चटचट वेचणाऱ्या माणसाच्या पोटात कावळे ओरडणार नाहीत तर काय होईल?

तिने बटण दाबलं. हसू दाबताना तिचा आवाज थरथरत होता, डोळे भरून आले होते, आणि तिचं त्याच्यावर किती प्रेम आहे हे तिला आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

"थांबूया," ती म्हणाली. "कुठून तरी आवाज येतोय."

तो खालमानेने पुटपुटला, "ट्रक असेल."

"गल्ली पायऱ्यांची आहे रे."

काचेपलीकडे मान हळूच वर आली, आणि सवयीने एका बाजूला कलली. "मग… पुन्हा घेऊ? तेवढा आवाज काढून टाकू?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे."